आठ महिन्यांच्या बोंडूला पाच फुटी भिंतीवरून उडवल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
सागरतीर शोध व बचाव मंडळ,
मालवण, जि. सिंधुदुर्ग.

अर्जदार: दत्तप्रसाद गंगाराम केळुसकर, श्वान प्रशिक्षक, मंडळाचे श्वान केंद्र, धामापूर रस्ता, ता. मालवण.

विषय: दि. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी श्वान जायबंदी झाल्याबाबत खुलासा, तसेच वाढीच्या वयातील श्वानांना उंच उडी मारण्यास लावू नये याबाबत विनंती.

संदर्भ: केंद्र व्यवस्थापक यांनी मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. १० मार्च २०२५.

महोदय,

१. उपरोक्त नोटिशीद्वारे माझ्याकडून सात दिवसांत खुलासा मागवण्यात आला आहे. नोटिशीत "सदर श्वान अपुऱ्या प्रशिक्षणामुळे अडथळा पार करू शकला नाही" असे नमूद आहे. हे वाक्य मी तीनदा वाचले. त्यात "सदर श्वान" एवढे दोनच शब्द खरे आहेत.

२. मी सैन्यात बावीस वर्षे श्वान प्रशिक्षक होतो. निवृत्तीनंतर गेली चार वर्षे आपल्या केंद्रात आहे. दरड किंवा घर कोसळल्यावर ढिगाऱ्याखालची माणसे हुंगून शोधणारी कुत्री तयार करणे हे माझे काम. सदर श्वान अडीच महिन्यांचा असताना, ऑगस्टमध्ये, केंद्रात आला. कागदोपत्री त्याचे नाव 'वज्र'. या नावाला त्याने आजवर एकदाही ओ दिलेली नाही. पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा रंग म्हणून आम्ही त्याला बोंडू म्हणतो, आणि या अर्जात मी तेच नाव वापरणार आहे. याबद्दल वेगळी नोटीस काढायची असल्यास काढावी.

३. उडी कशी शिकवतात हे नोटीस काढणाऱ्यांना ठाऊक नसल्याचे दिसते, म्हणून लिहितो. सव्वा-दीड वर्षाचा होईपर्यंत कुत्र्याच्या हाडांची टोके कोवळी असतात. हाड तिथूनच वाढते. त्या वयात त्याला उंच उडवायचे नसते, पाय कुठे टाकतो याचे भान द्यायचे असते. आधी जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून चालवायचे. मग जमिनीवर आडव्या टाकलेल्या शिडीतून, दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत एकेक पाऊल टाकत. मग त्याच्याच पुढच्या पायाच्या मनगटाएवढ्या उंचीचा दांडा, तोही सैल ठेवलेला, पाय लागला तर पडणारा. पोट भरलेले नको, जमीन ओली नको, गळ्यात साखळी नको. चार-पाच वेळा झाले की खेळ बंद, मग त्याला कितीही हौस असो. आणि उतरायची जागा मऊ हवी, कारण कुत्रा वर जाताना मोडत नाही, खाली येताना मोडतो. त्याचा सगळा भार पुढच्या दोन पायांवर येतो.

४. यासाठी भिंतीच्या दोन्ही बाजूंना मी दीड फूट खोल वाळूचे हौद करून घेतले होते. ही भिंत जांभ्या चिऱ्यांची, पाच फूट उंच, मोठ्या कुत्र्यांसाठी. जानेवारीत मी चार दिवस आजारी असताना दोन्ही हौद बुजवून त्यांवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. कारण विचारले असता व्यवस्थापक श्री. जितेंद्र देसाई म्हणाले, "पाहुण्यांच्या बुटात वाळू जाते, केळुसकर. बरं दिसत नाही." मी २० जानेवारीला लेखी हरकत दिली. तिचे उत्तर आलेले नाही. बूट मात्र स्वच्छ राहिले असणार.

५. दि. १४ फेब्रुवारी रोजी मी रीतसर रजेवर होतो. भाचीच्या साखरपुड्याला देवगडला जात होतो, तळेऱ्याला एसटी बदलायची होती. सकाळी साडेअकराच्या सुमारास स्टँडवर असताना श्री. देसाई यांचा फोन आला. केंद्रात पाहुणे येणार आहेत, हे मला कोणी कळवले नव्हते. संभाषण मला शब्दशः आठवते.

"केळुसकर, तुमचा बोंडू कुणाचं ऐकत नाहीये. पाहुणे उभे आहेत. फोन स्पीकरवर टाकतो, तुम्ही हुकूम द्या."

मी विचारले, "दांडा किती उंच लावलाय?"

"अहो, मनगटाएवढा. तुमचाच रोजचा."

मी "बोंडू, उडी!" असे म्हणालो. पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. त्याच टाळ्यांत मला नर्मदाबाईंची किंकाळी ऐकू आली आणि फोन कट झाला.

६. श्रीमती नर्मदा तांडेल केंद्रात कुत्र्यांचा भात शिजवतात व खोल्या धुतात. त्या तिथे होत्या. त्यांचे म्हणणे कार्यालयीन मराठीत लिहून घेण्याचा मी प्रयत्न केला, पण ते तसे होत नाही. म्हणून त्या बोलल्या तसेच देतो.

"माका काय इचारतास? मी देसाईंका सांगलंय, तो नाय म्हणता हा, सोडा त्येका. तीनदा भिंतीकडे न्हेल्यानी, तीनदा तो परत फिरलो. मगे फोनातसून तुमचो आवाज इलो. तसो कान टवकारल्यान. तुमी खंय आसात ता बघूक एकदा मागे वळलो. आणि गेलो."

मी या वाक्यांपुढे काहीही जोडू इच्छित नाही.

७. बोंडूने भिंत पार केली. हे नोटिशीच्या विरुद्ध आहे, तरी नोंद व्हावी. वर चढताना त्याने माथ्यावर पाय टेकवला, तोल सावरला आणि पलीकडे पेव्हर ब्लॉकवर उतरला. उजवा पुढचा पाय त्याच्याखाली दुमडला. त्यानंतर जे घडले ते लिहिताना मला शिसारी येते, पण खुलासा मागितला आहे म्हणून लिहितो. ओरडणाऱ्या कुत्र्याला श्री. देसाई यांच्या सांगण्यावरून स्वागताच्या कापडी फलकामागे नेऊन ठेवण्यात आले. पुढे पाहुण्यांना कोकम सरबत व भाजलेले काजू देण्यात आले. नर्मदाबाईंनी गाडी मागितली. "पाहुणे जाऊ देत, मग बघू," असे उत्तर मिळाले. गाडी पाहुण्यांसाठी होती. त्या पन्नास मिनिटे फलकामागे बोंडूचे डोके मांडीवर घेऊन बसल्या आणि तो ओरडू नये म्हणून त्याला पदराखाली धरून राहिल्या. पाहुण्यांपैकी एकाने "कुत्रा कुठे गेला?" असे विचारले होते. "विश्रांती घेतोय," असे सांगण्यात आले. त्यांनीही पुढे विचारले नाही.

८. मी साखरपुड्याला गेलो नाही. मिळेल त्या गाडीने परत आलो आणि संध्याकाळी बोंडूला कुडाळला डॉ. विनीता प्रभू यांच्याकडे नेले. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून मला दाखवला. मनगटाच्या वरचे हाडाचे वाढते टोक चेपले आहे. जखम भरेल, पण तो पाय आता वाकडा वाढणार. डॉक्टर म्हणाल्या, "चालेल, खाईल, जगेल. ढिगाऱ्यावर नाही चढायचा. आठ महिन्यांच्या पिल्लाला भिंतीवर कोणी सोडलं?" मी म्हणालो, "मी." ते उत्तर खोटे नव्हते. उंची मी एकदाच विचारली होती. फोन नर्मदाबाईंकडे द्या, असे म्हणायला दहा सेकंदही लागले नसते. नोटिशीत माझा हा दोष कुठेही नाही. जो आहे तो त्यांना सापडलाच नाही, म्हणून मीच येथे नोंदवत आहे.

९. आता पुढचे. केंद्राच्या फाटकावर गेले तीन आठवडे बारा फुटी फ्लेक्स आहे. त्यावर बोंडू भिंतीवरून हवेत आहे, खाली श्री. देसाई हात उंचावून उभे आहेत आणि वर "झेप" असे लिहिले आहे. तो फोटो बोंडू जमिनीला टेकण्याआधी अर्धा सेकंद काढलेला आहे. मला रोज त्याखालून कामावर जावे लागते. दि. ७ मार्च रोजी केंद्राने निरुपयोगी सामानाची यादी केली. त्यात मोडक्या प्लास्टिक खुर्च्या, फाटकी ताडपत्री, गंजलेला पंखा आणि त्याखाली "श्वान (नर), एक" अशी नोंद आहे. फ्लेक्सवर झेप आणि यादीत पंख्याखाली, ही दोन्ही कामे एकाच टेबलावरून झाली आहेत.

१०. दि. १ मार्च रोजी केंद्रात चार महिन्यांची दोन नवी पिल्ले, दोन्ही माद्या, आली आहेत. "१ मेच्या कार्यक्रमापर्यंत दोन्ही श्वान भिंतीसाठी तयार ठेवावेत" असा तोंडी आदेश मला दि. ११ रोजी मिळाला. त्या दिवशी ती जेमतेम सहा महिन्यांची होतील. मी आदेश लेखी मागितला. श्री. देसाई हसले आणि म्हणाले, "तुम्ही नाही केलंत तरी तुमचा आवाज आहे की आमच्याकडे. रेकॉर्ड करून ठेवलाय."

११. त्यानंतर मी काही केले आहे व ते लपवणार नाही. दि. १२ मार्च रोजी सकाळी आठ ते दुपारी दीड या वेळेत मी पहारीने ती भिंत पाडली. नर्मदाबाईंनी चिरे उचलायला हात लावला. त्यांचा यात दुसरा दोष नाही. त्याच दिवशी मी दोन्ही पिल्लांना "उडी" हा शब्द शिकवणे थांबवले. आता मी त्यांना वेगळा हुकूम शिकवतो. तो शब्द मी कोणालाही सांगितलेला नाही व सांगणार नाही. मंडळाच्या मालमत्तेची नासधूस म्हणून माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

१२. बोंडू दि. ८ मार्चपासून धामापूरला माझ्या घरी आहे. यादीतल्या वस्तूची परवानगीवाचून उचल केली असेही त्याला म्हणता येईल. तो परत मिळणार नाही.

१३. तरी विनंती की,
(अ) सव्वा वर्षाखालील कोणत्याही श्वानाला मनगटाहून उंच अडथळ्यावर नेऊ नये, असा आपल्या सहीचा लेखी आदेश निघावा.
(आ) पेव्हर ब्लॉक काढून वाळूचे हौद पूर्ववत व्हावेत.
(इ) फाटकावरील फ्लेक्स उतरवावा. फाडला तरी चालेल.
(ई) वरील (अ) शक्य नसल्यास हाच अर्ज माझा राजीनामा समजावा. त्या स्थितीत दोन्ही पिल्ले कोणाच्या हाती जाणार हे मला कळवावे, म्हणजे त्या माणसाला मी समक्ष भेटेन.

१४. १ मे रोजी पाहुण्यांना काय दाखवायचे, असा प्रश्न येईल. दोन्ही पिल्ले जमिनीवर ठेवलेल्या शिडीतून, एकेक पाऊल उचलून, न अडखळता जाताना दाखवता येतील. आज सकाळी दोघीही पहिल्यांदा तशा गेल्या. त्याला अर्धे मिनिट लागते. तेवढा वेळ उन्हात उभे राहण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांना बोलावू नये.

उत्तराची वाट पाहत, अद्याप सेवेत असलेला,

(सही)
दत्तप्रसाद गंगाराम केळुसकर
श्वान प्रशिक्षक
दि. १७ मार्च २०२५

सोबत:
१) उजव्या पुढच्या पायाच्या एक्स-रेची प्रत व डॉ. विनीता प्रभू यांचा अभिप्राय
२) वाळूच्या हौदांबाबत माझी दि. २० जानेवारीची हरकत, पोच शिक्क्यासह
३) श्रीमती नर्मदा तांडेल यांचे म्हणणे, त्यांच्या अंगठ्यासह