खोटा मेल मला तोंडावरून कळतो

३ एप्रिल २०१९
सुनेनं, सत्यशीलानं, आज खोटे मेल ओळखायला शिकवलं. बँकेच्या नावानं चोर लिहितात म्हणे. ती म्हणे, आत्याबाई, घाई करतो तो चोर, पासवर्ड मागतो तो चोर. एवढंच? मी चौथी शिकले, पण कळपात दुसऱ्याची मेंढी घुसली तर तोंडावरून ओळखायचे. मेलचं काय घेऊन बसलात!
पाण्याचा टँकर आज पण नाय.

५ एप्रिल
पहिला चोर पकडला. 'खातं आज बंद होईल.' पुसून टाकला. शेजारच्या सारजाबाईला सांगितलं, जिन्यात दूधवाल्याला पण सांगितलं. तो म्हणे, आजी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या.

७ एप्रिल
पोरानं, भिकननं, परत फ्लॅटचं काढलं. सावंगीकडं नवी बिल्डिंग, तुझे पैसे घालू. नाय म्हणलं. चारा-पाणी संपलं म्हणून गावची, पिशोरची मेंढरं विकली, त्यांचे पैसे ते. मेंढरंच घेणार. म्हणे, आये, गच्चीवर बांधती का? पिशोरला जाऊन राहीन म्हणलं.

१२ एप्रिल
बँकेचा खरा मेल आला! सुरक्षा विभागाचे साहेब. 'आदरणीय माताजी, खोटे मेल ओळखणाऱ्या हुशार ग्राहकांत तुमची निवड झाली. सवडीनं नोंदणी करा.' घाई नाय, पासवर्ड मागणं नाय. निळ्या ओळीवर बोट ठेवलं, बँकेचं पान उघडलं, तिथं पासवर्ड मी आपल्या हातानं भरला. मग साहेबांचाच फोन. मेसेजमधले आकडे वाचून दाखवले. लई कौतुक केलं.
सुनेला सांगितलं नाय. तिला वाईट वाटंल.

१३ एप्रिल
मेसेजवर मेसेज. 'हा व्यवहार तुम्ही केला नसल्यास तात्काळ कळवा.' तात्काळ! म्हणजे चोरच. सगळे पुसले.

२८ एप्रिल
भिकन म्हणे, शिल्लक तरी बघू. बघू दिली नाय. सासरे मेंढरं कधी मोजायचे नाय, मोजली की दृष्ट लागते. पैसे झाले म्हणून काय, मेंढरंच ती.

६ मे
पिशोरहून कडुबाचा फोन. आपला कळप त्यानंच घेतलेला. आता शेंद्र्याला कंपनीत वॉचमन लागलाय, विकून टाकतोय. वहिनी, पहिला मान तुमचा, तुमची लाडकी मेंढी भुरी अजून आहे म्हणे. भुरी! आनंदानं जेवण गेलं नाय.

७ मे
भिकन, सून अन् मी बँकेत गेलो. तिथल्या पोरीनं दोनदा बघितलं. खात्यात काहीच नाय. भिकन ओरडला असता तर बरं होतं. बाहेर जाऊन कडुबाला म्हणला, दुसऱ्याला दे.
पोलिसात अर्ज दिला. हवालदार म्हणे, आजी, खोटा मेल ओळखता येत नाय व्हय? येतो म्हणलं. सून खाली बघत होती.

८ मे
साहेबांना मेल लिहिला. सगळे नको, एका भुरीपुरते पाठवा.
उत्तर नाय. मोठ्या माणसाला कामं असतात.