भरताची जाळी आणि बळीराम

३ डिसेंबर, बुधवार
आज माळ्यावरून ग्रिल खाली काढलं. गोल, झाकणाचं, कोळशाचं. सुरतच्या पांडेसरा भागातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर जाताना ते मागे सोडून गेला होता. मी आणि बळीराम पाटीलने ते उचललं. मी लॅबला, तो मेंटेनन्सला. तेव्हापासून दर डिसेंबरला आमच्या गच्चीवर वांग्याचं भरीत. ग्रिल ठणठणीत आहे. वरची जाळी मात्र पार गंजली आहे.

बायको, इंदुबाई, गेल्यापासून बळीराम एकटा राहतो. म्हणून त्याच्या मुलीने, प्राजक्ताने, त्याला कायमचं नाशिकला न्यायचं ठरवलंय. शनिवारी, वीस तारखेला. मला अजिबात टेन्शन नाही. बळीराम सुरत सोडणं शक्यच नाही. म्हणून भरताचा कार्यक्रम मुद्दाम एकवीसला ठेवला. जाळी चकाचक झालेली बघितली की जाण्याचं नावही काढणार नाही.

४ डिसेंबर
मोबाइलवर वाचलं. जुनी जाळी आधी ओळखायची, मगच हात लावायचा. सळ्या मोजल्या. पहिल्यांदा एक आकडा आला, दुसऱ्यांदा दुसरा. दोन्ही आकड्यांची मॉडेल्स सापडली. म्हणजे माझी नक्कीच दुर्मिळ. लोहचुंबक लावलं, चिकटलं. म्हणजे अस्सल बीड, ओतीव लोखंड. आमची सौ. अलका म्हणाली, चुंबक डब्याच्या झाकणालाही चिकटतं. तिला या विषयातलं काही कळत नाही.

७ डिसेंबर, रविवार
जाळीचे फोटो घेऊन बळीरामकडे. घरभर खोकी. फोटो नीट बघितले नाहीत. म्हणाला, अरविंद, इंदूची भांडी कोणाला देऊ? मी म्हणालो, राहू दे, लागतील. मग म्हणाला, एकवीसचं अलीकडे घे ना, एकोणीसला. मी म्हटलं, तोवर जाळी होणार नाही. तर म्हणतो, नसू दे जाळी, नुसतं बसू.
मला हसूच आलं. जाळीशिवाय भरीत!

१० डिसेंबर
जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली. व्हिडिओत अर्धा तास सांगितलंय, पण त्या लोकांना घाई असते. मी दोन दिवस ठेवणार. आंघोळीच्या टबमध्ये ठेवल्याबद्दल अलकाची कटकट.

१२ डिसेंबर
जाळी काढली. गंज गेला. सोबत वरचा चंदेरी थरही गेला, उन्हाने सोललेल्या कातडीसारखा. म्हणजे बीड नव्हतं. साध्या लोखंडी सळ्या आणि वर प्लेटिंग. प्लेटिंग आता टबमध्ये आहे. एक फायदा: जाळीची ओळख पटली.

१४ डिसेंबर, रविवार
तेल चोळून ओव्हनमध्ये तापवली. बिडाच्या तव्याला चालतं, हिला का नाही? घरभर धूर. शेजारच्या शोभाबाई धावत आल्या. अलकाला खोकल्याची उबळ. जाळी चिकट आणि तपकिरी.

संध्याकाळी अलका म्हणाली, अहो, भाऊजींना या आठवड्यात साधं जेवायला बोलवा. वरणभात करते. मी म्हणालो, एकवीसला बोलावलंय ना. ती तांदूळ निवडायला बसली. पटलं असावं.

१७ डिसेंबर
जाळी पांडेसऱ्याला निकेल प्लेटिंगला टाकली. शनिवारी सकाळी या म्हणाले. शनिवारी बळीराम निघणार, असं अलकाने आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. निघायचं असतं तर तो स्वतः येऊन बोलला नसता का? खोकी काय, कोणीही भरतं.

२० डिसेंबर, शनिवार, दुपारी
सकाळपासून प्लेटिंगवाल्याकडे बसून. जाळी झाली नव्हती. तिथे असताना बळीरामचा फोन आला. थोड्या वेळाने परत. मग परत. मुद्दाम उचलला नाही. जाणं रद्द केलं, हेच सांगणार. ते फोनवर कशाला? समोर बसून त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. येताना वांगी घेतली. मोठी, जळगावची.

घरी आलो तर अलका दारातच. म्हणाली, बळीराम येऊन गेला. बराच वेळ बसला. खाली प्राजक्ता गाडी चालू ठेवून थांबली होती. शेवटी तीच वर आली आणि त्याचा हात धरून घेऊन गेली. टीपॉयवर त्याचा कप तसाच होता. अर्धा चहा उरलेला.

आत्ता फोन केला तर लागत नाही. गाडी बारडोलीच्या पुढे गेली असेल. गर्दीमुळे मला उशीर झाला. प्लेटिंगवाल्याने वेळ पाळली असती, तर हे झालंच नसतं.

२१ डिसेंबर, रविवार
कार्यक्रमाचा दिवस. वांगी वाया जाऊ नयेत म्हणून अलकाने एक गॅसवर भाजलं. मी म्हटलं, बळीराम असता तर अर्ध्याहून जास्त त्यानेच संपवलं असतं.

अलका म्हणाली, अहो, भाऊजींना भरीत सोसायचं नाही. दर वर्षी जेवण झालं की खाली स्वयंपाकघरात यायचे आणि थंड दूध मागायचे. छातीत जळजळायचं. वर म्हणायचे, वहिनी, अरविंदला सांगू नका.

मी म्हणालो, तुझा काहीतरी गैरसमज आहे. तो दर वर्षी दोनदा वाढून घ्यायचा.
तिने ताट उचललं. मला भूक नव्हती.

२३ डिसेंबर, मंगळवार
नाशिकला फोन लावला. बळीरामनेच उचलला. आवाज बरा होता. शनिवारबद्दल एका शब्दाने बोलला नाही. प्राजक्ताची मुलं, घरासमोरची बाग, तिथली थंडी. मी प्लेटिंगवाल्याचं सांगायला घेतलं आणि मध्येच विचारलं, भरीत सोसत नव्हतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीस?

तो म्हणाला, मग तू बोलावलं असतंस का मला?

मी म्हणालो, हॅलो, हॅलो, इथे रेंज नाही, नंतर करतो. फोन ठेवला.

रेंज होती.