बेडूकमाशाच्या दातांची चौथी ओळ

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

इथे मी मजेत आहे. लेकीच्या प्रयोगशाळेत या निवृत्त चित्रकलामास्तराला काम मिळालंय. झाडावरचे काही बेडूक ओढ्यात अंडी घालतात. त्यांचे बेडूकमासे वाहून जाऊ नयेत म्हणून तोंडाने दगडाला चिकटून राहतात. त्यांची जात ओळखायला ओठांवरच्या इवल्या दातांच्या ओळी मोजाव्या लागतात. तू पाठ करून घेतलेल्या कविता गुणगुणत मी त्या मोजतो आणि चित्र काढतो.

परवा एकाच्या खालच्या ओठावर चार ओळी काढल्या. लेक हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर नवी जातच शोधलीत!" मग तिने स्वतः भिंगातून पाहिलं. ओळी तीनच होत्या. नंतर ती हसली नाही.

घाबरू नकोस, मोतीबिंदूच आहे. सोमवारी ऑपरेशन. बेडूकमाशाला पुढचे पाय फुटले की ते दात गळून जातात, त्याआधी मला नीट दिसायला हवं. चित्राचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, असं लेकीला बजावलंय.

तुझे गुडघे काय म्हणतात? आणि ताई, तुझ्या डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा सगळ्यात आधी काय दिसलं गं? सोमवारच्या आत कळव.

तुझाच,
धाकटा