गौरीच्या मागोमाग

पेणकरपाडा,
श्रावण, १९७४

सौ. द्वारकीला आठवणीनं आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत, काळजी करत बसू नकोस.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आम्हाला एकत्र बसवून बोलतात. आपला दत्तू मुलगी म्हणूनच जगणार, हे आता मलाही पटलंय. परवा मी पहिल्यांदा ‘कुसुम’ अशी हाक मारली. आधी चारदा मनात घोकून घेतली. तिनं मात्र भाकरी थापता थापता सहज ‘ओ’ दिली.

कुळथाची पिठी केली की म्हणते, आईसारखी होत नाही. मग ताट तसंच राहतं.

तुझा राग निवळला का गं? कपिला व्याली का?

गणपतीला आम्ही येतोय. गौर घरात घेतलीस की लगेच दार लावू नकोस. मागून आपली लेक येतेय.

घराकडे डोळे लावून बसलेला,
महिपत