आज्याचा तुकडा

प्रिय काकू,

दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतो आणि राहून जातं. कागद आणायला दुकानात गेलो तर तिथं पतंग दिसले, मग पतंगच घेऊन आलो. तू ओळखतेसच मला. फोनवर तू विचारतेस, जेवला का, मी हो म्हणतो, आणि तिथंच बोलणं संपतं. म्हणून हा कागद.

मी अजून सावंगीतच आहे, ओमप्रकाशभाऊच्या चायनीजच्या गाड्यावर. दवाखान्याच्या गेटासमोर. डॉक्टरकीची पोरं संध्याकाळी नुसती तुटून पडतात. तुला नूडल्स म्हणजे गांडुळं वाटतात, पण एकदा खाऊन तर बघ. काय सांगत होतो? हां, भाऊनं ठरवलं, चिकन सगळेच देतात, आपण चिली मटण द्यायचं. त्याचा दुसरा गाडा बनून उभा आहे. चिली मटण जमलं तर तो मी चालवायचा, नाही तर माझी सुट्टी. काकू, हिंगणघाटची कापसाची जिनिंग सोडली, ट्रकवरची क्लीनरकी सोडली, तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. इथून पहिल्यांदाच जावंसं वाटत नाही.

पण मटण मोठं हट्टी. भडक्या आचेवर परतलं की चपलेचा पट्टा. मला तुझी पपई आठवली. म्हाताऱ्या बोकडाला तू कच्ची पपई चोळायचीस, तशी मीही पातळ तुकड्यांना फासली आणि जरा बाहेर गेलो. रस्त्यात कोणाचा बैल नालीत पडला होता, तो काढू लागलो. परत येईस्तोवर मटणाचं पिठलं झालं होतं. आता भाऊ हाकलतो, असं वाटलं. त्यानं ते तसंच परतून पोळीशी खाल्लं आणि म्हणाला, चव बरी हाय.

मग त्याच्या बायकोनं, अंजूवहिनीनं, हाताला धरून शिकवलं. मटण बर्फात अर्धवट कडक करायचं, रेषांच्या आडवं कापायचं. चिमूटभर सोडा लावून चहा होईस्तोवर ठेवायचं, आणि मग चांगलं धुवायचं, नाही तर साबण खाल्ल्यासारखं लागतं. वरून अंड्याचं पांढरं, मक्याचं पीठ, जरासं तेल. पण तुकडा मऊ आला की नाही, हे माझ्या अंगठ्याला कळतं ते तुझ्यामुळे. आई गेली तेव्हा तू मला चुलीपाशी बसवलंस आणि तुकडा दाबून पाहायला हातात दिलास. रडू नको म्हणाली नाहीस. काम दिलंस.

आता इथं सगळे म्हणतात, जमलं. माझा विश्वास बसत नाही. आपल्या घरी पहिला तुकडा जंगलूआज्याच्या बोळक्या तोंडात जातो, आणि त्यानं दुसऱ्यासाठी हात पुढं केल्याशिवाय कोणाच्याच ताटात मटण पडत नाही. भाऊला हे सांगितलं तर तो हसत सुटला. "पोराईले दात हायेत ना बे? मंग तुले बोळक्याची काऊन पडली?"

पडली आहे खरी. मी निघालो तेव्हा आजा म्हणाला होता, "याचा पाय कुठंच नाई टिकत." रागानं नाही, थकून म्हणाला होता. म्हणून हे पत्र, काकू. येत्या रविवारी भाऊ फळ्यावर चिली मटण लिहिणार आहे. त्याच्या आत आज्याला समजावून घेऊन ये. गिरडच्या बाजारापुढं तो जात नाही, माहीत आहे, पण तुझं ऐकतो.

थांब जरा. गेटाशी ऑटो थांबला आणि त्यातून आजाच उतरून राह्यला. एकटा, काठी टेकत. म्हणतो, डोळे दाखवायला आलो. दवाखाना समोर आहे, पण हा येऊन आपल्या स्टुलावर बसला आणि कढईशेजारच्या कापलेल्या मटणाकडे बघतोय. विचारतो, "माहा तुकडा कुठी हाय?"

घरी तुझ्या सोनूला फोन करून सांगतो, आजा इथं आहे, शोधू नका. आधी कढई तापवतो.

तुझ्याच चुलीपाशी वाढलेला,
कार्तिक

ता. क. आज्यानं हात पुढं केला.