तिसरा माळा, खोली चौतीस

परळ,
गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४

चि. जगदीशभाऊजी यांस,

थोरल्या वहिनीचा जय भीम आणि आशीर्वाद. तुमची साखर कशी आहे? गोळी जेवणाआधी घेता की अजून विसरता? मी बरी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो. आपल्यात एकच जिना, तरी पत्र लिहिते, कारण मी सुटून आल्यापासून दीड वर्षात तुम्ही तो चढला नाहीत.

काल चंपा येऊन गेली. सुकटीची चटणी आणली होती, छान झाली होती. म्हणाली, "ताई, रविवारी कुर्ल्याला बहिणीकडे जाऊन या की. तेवढाच हवापालट."

मी म्हटलं, "अगं, कुर्ल्याला कसली आलीय हवा?"

हसली, आणि लगेच डोळे पुसायला लागली. बायकोला कशाला पुढे केलंत, भाऊजी? रविवारी पाच वाजता आपल्या प्रितीला बघायला माणसं येणार, हे सगळ्या चाळीला माहीत आहे.

असो. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही पहिलीत होता. तुम्ही पाटीवर गिरवायचा, मी भाकऱ्या थापता थापता तेच अक्षर पिठात बोटाने काढायची. शाळा मी पाहिली नाही. जे लिहिते ते तुमच्या पाटीवरचं. पुढे तुम्ही सही करायला शिकलात, तीही मी शेजारी बसून पाहिली.

मे महिन्यात मत द्यायला गेले होते. पांढरं लुगडं इस्त्री करून नेसले होते. मामंजी मिलची पाळी सोडायचे, पण मत नाही सोडायचे. मला पहिल्यांदा तेच घेऊन गेले होते. म्हणाले होते, "सूनबाई, हे बाबासाहेबांनी आपल्या हातात दिलंय, फुकट घालवायचं नाही." या मे महिन्यात मात्र टेबलावरच्या बाईने यादी दोनदा पाहिली. "आजी, तुमचं नाव वगळलंय." मागे रांग खोळंबली. कोणीतरी हसलं. आणि शाळेच्या फाटकात तुम्ही भेटलात. "वहिनी, शिक्षा झालेल्या माणसाला मत नसतं. कायदाच आहे तसा."

मी खाली मान घालून घरी आले. खरं वाटलं मला. घरात शिकलेले तुम्ही. आणि गुन्हा मी केलाच होता. बिल्डरच्या त्या माणसाने आजारी नवऱ्याची खाट ओढून गॅलरीत काढली, आणि माझ्या हातात वरवंटा होता. त्याचा एक डोळा गेला. तो परत येणार नाही, हे मी रोज उठून आठवते. तुमचं दार तेव्हा बंद होतं, तेही आठवतं. चार वर्षांची शिक्षा पुरी भोगली. मी आत असताना तुमचे दादा गेले.

आता ऐका. तुरुंगात आमचे अर्ज लिहायला दर्शना नावाची वकील मुलगी यायची. ऑगस्टमध्ये ती भेटली. म्हणाली, "लक्ष्मीआजी, आत असेपर्यंत मत देता येत नाही. बाहेर आलात की हक्क तुमचाच. मग नाव काढलं कोणी?" तिने अर्ज करून, माझं नाव काढायला दिलेल्या फॉर्मची नक्कल मिळवली. "सदर महिला या पत्त्यावर राहत नाही, कायमची गावी गेली आहे." खाली तुमची सही.

त्या दिवशी मी गॅस पेटवला नाही.

बिल्डरच्या माणसाने खाट काढली होती. तुम्ही मला काढलंत. पाहुण्यांनाही तेच सांगून ठेवलंय ना, थोरली वहिनी गावी असते म्हणून?

त्याच फॉर्मच्या तळाशी छापलंय, खोटं लिहून दिलं तर शिक्षा होते. दर्शना म्हणाली, तक्रार करूया. मी नको म्हटलं. दया आली म्हणून नाही. तुमची शिक्षा मला ठरवायची होती.

मी नाव लावायचा नवा अर्ज भरलाय. मतदार यादीचं काम करणाऱ्या बाई खोली बघायला येणार आहेत. मी इथे राहते, असं शेजारच्या माणसाने त्यांना सांगायचं असतं, सही द्यायची असते. सातव्या खोलीतले तात्या केव्हाचे तयार आहेत. त्यांना मी नको म्हटलं. मला तुमचीच सही हवी.

बाईंनी विचारलं, "रविवारी सकाळी येऊ की संध्याकाळी?" मी सांगितलं, पाच वाजता. आणि आधी तळमजल्यावर जगदीशभाऊजींकडे या, म्हटलं. पाहुण्यांसमोर तुम्ही तोंडाने म्हणायचं, ही माझी वहिनी, तुरुंगातून सुटून आलीय, वरच्या माळ्यावर राहते. मग सही.

तुम्हाला वाटेल, म्हातारीने पोरीच्या लग्नात बिब्बा घातला. मलाही रात्रभर तेच वाटत होतं. म्हणून आज सकाळी प्रितीला बोलावलं, कागद दाखवला. म्हटलं, "तू सांग, सकाळची वेळ करते." तिने तुमची सही बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "मोठीआई, पाचचीच ठेव. चहा मी चौघांऐवजी सहा जणांचा टाकते."

हे पत्र तिच्याच हाती देते आहे. रविवारी चांगला सदरा घाला. पेन माझ्याकडे आहे.

तुमची वहिनी,
लक्ष्मी सीताराम कांबळे
तिसरा माळा, खोली चौतीस.
इथेच राहते.