पाईपाची भोकं खाली

मुखेड, मंगळवार, दिवेलागण

पाऊस झोडपून गेला, पण अंगणात तळं नाही. दरसाल हे पाणी भिंतीत मुरून ज्वारीची पोती कुजवायचं. आज पोत्यांमागं हात घातला, भिंत कोरडी ठणठणीत!

करामत सूनबाईची. तिनं भिंतीलगत उताराचा चर खणला, खडी पसरून त्यात भोकांचा पाईप ठेवला. भोकं खाली! मी आपली उचलली जीभ, "अगं, वर कर, पाणी आत जाईल कसं?"

"मामा, चरात पाणी खालून चढतंय. वर केली तर गाळ भरल की."

पटलं न्हाई. ती चहा ठेवायला गेली तसा मी पाईप गुपचूप उलटा केला. चर बुजवताना बघतो, तर भोकं पुन्हा खाली. पोरीनं ओळखलं असणार, तरी घरात चकार शब्द काढला नाही. एवढं मोठं मन!

उद्या कबूल करावं का? नको, आत्ताच जातो.